रिंग सारखी आउट का होते?

वाचकांचे प्रश्न : सायकल आणि सायकलस्वार

पाऊस उघडला की या सदराच्या टपालाचा नूर बदलतो. जून ते सप्टेंबर गंजलेली चेन आणि किरकिरणारे ब्रेक. ऑक्टोबर लागला, टेकड्या वाळल्या, की चाकं. या खेपेला तर जवळजवळ सगळी पत्रं चाकांचीच आहेत. पत्रात सायकलीची कंपनी असते, किंमत असते, दुकानदार काय म्हणाला ते शब्दशः असतं. मला हवी असते ती एक गोष्ट मात्र कोणी लिहीत नाही : ठोका बसला तेव्हा तुम्ही सीटवर होतात की पायांवर? दुकानात कोणी वाकडं चाक घेऊन आलं की मी आधी हेच विचारते. निम्मे लोक म्हणतात, "म्हणजे?"

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांचा आहे, कोथरूडला राहतो, इंजिनिअरिंग करतो. माझी २९ इंची हार्डटेल आहे, म्हणजे मागे सस्पेन्शन नाही. वजन ८२ किलो. शनिवार-रविवार वेताळ टेकडीवर चालवतो. दिवाळीपासून मागची रिंग तीनदा आउट झाली, म्हणजे वाकडी होऊन डगमगायला लागली. दुकानदार म्हणतो, हलकी रिंग आहे, साडेचार हजारांची भारी टाकून घे. कोणती घेऊ?

उत्तर : घेऊ नकोस. निदान आत्ता नको. नवी रिंगही तू होळीपर्यंत आउट करशील, फक्त दुःख महाग पडेल.

तिन्ही वेळा मागचंच चाक गेलं, हे तू लिहिलंस ते बरं केलंस. सीटवर बसून सपाटीवर जाणाऱ्या माणसाचं साठेक टक्के वजन मागच्या चाकावर असतं. त्यात मागचं चाक मुळातच अधू. उजव्या अंगाला कॅसेटला, म्हणजे गिअरच्या चकत्यांना, जागा द्यावी लागते, म्हणून उजव्या तारा जवळजवळ उभ्या आणि कडक ताणलेल्या, डाव्या तिरप्या आणि ढिल्या. उजव्या तारेवर ११० किलोंचा ताण असेल तर डावीवर साठ-सत्तरच असतो. तू बसल्या बसल्या दगडावर गेलास की चाकाच्या तळाशी असलेल्या तीन-चार तारांचा ताण क्षणभर उतरतो. डाव्या तारा आधीच ढिल्या, त्यांचा पार शून्यावर येतो. ताण गेलेल्या तारेची निप्पल, म्हणजे रिंगेकडचं तिचं नट, अशा ठोक्यांनी आपोआप सुटत जाते, एका वेळी केसभर. काही दिवसांनी ती तार नावालाच उरते आणि रिंग उजवीकडे ओढली जाते. चाक उलटं करून फिरव आणि बघ, तुझी रिंग बहुतेक उजवीकडेच पळत असेल.

आता टेकडीवर चल. खाणीच्या बाजूच्या वाटांवर सुटा काळा दगड आहे आणि मधे मधे गिरिपुष्पाची मुळं. तिथं पायडल मारायचं थांबलास की सीट सोड. दोन्ही पायडल एका पातळीत, एक पुढे, एक मागे. टाचा किंचित खाली, गुडघे आणि कोपरं वाकलेली. उभं राहायचं म्हणजे ताठ नव्हे. सीटपासून बूड चार बोटं वर आलं तरी चालतं. डोक्यावर हंडा घेऊन ओढ्यातून वर येणारी बाई कधी पाहिली आहेस? खाली पाय कुठेही पडोत, हंडा एका पातळीत पुढे जातो, कारण सगळा चढउतार तिचे गुडघे आणि कंबर गिळतात. तुझं धड म्हणजे तो हंडा. खाली सायकल नाचली तर नाचू दे.

एवढ्यानं निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं म्हणजे नेमक्या वेळी चाकावरून वजन काढणं, आणि इथंच सगळे घसरतात. दगड एखाद्या चाकाच्या अंतरावर आला की अंग खाली दाब, फोर्क, म्हणजे पुढचं सस्पेन्शन, दबू दे. तो वर येताना बूड मागे ने आणि हात सैल सोडून लांब होऊ दे. हँडल ओढायचं नाही. दंडांच्या जोरावर उचललेलं चाक हमखास वाकडं उतरतं. पुढचं चाक दगडावर नुसतं टेकून पुढे जातं. आता लगेच उलटं करायचं : कंबर हँडलकडे, गुडघे वाकलेले, पंजे खाली वळवून पायडल मागच्या दिशेला रेटायची. मागचं चाक हलकं होतं. ते हवेत गेलंच पाहिजे असं नाही. तुझ्या ८२ किलोंपैकी त्या क्षणाला चाकावर वीस-पंचवीस राहिले तरी रिंग वाचते.

बहुतेक मुलं यातला पहिला भाग व्हिडिओ बघून शिकतात. पुढचं चाक छान उचलतात, दगड ओलांडला या आनंदात सीटवर बसतात, आणि तेव्हाच मागचं चाक सगळ्या वजनानिशी त्याच दगडावर आपटतं. बूड मागे नेऊन तिथंच ठेवलं तरी परिणाम तोच. तुझं हेच होत असावं असा माझा दाट संशय आहे.

सराव टेकडीवर करू नकोस. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालण्याच्या वेगानं कर. आधी बागेच्या पाइपचा तुकडा आडवा टाक, मग लाकडी फळी, मग आडवी पाडलेली वीट. डोळ्यांपेक्षा कान जास्त उपयोगी पडतात. पुढचं चाक 'टप्' म्हणतं आणि मागचं 'धप्'. दोन्ही 'टप्' म्हणायला लागली की वर जा. वर गेल्यावर नजर पुढच्या चाकावर ठेवू नकोस. ज्या दगडाकडे टक लावून बघशील त्याच्यावरच जाशील, तेव्हा वाट जिथून मोकळी आहे तिथं बघ. आणि सकाळी टेकडीवर फिरायला येणारी आजोबामंडळी दिसली की ब्रेक. वाट त्यांची आधी आहे, आपली नंतर.

चाकाच्या तारा मात्र एकदा नीट ताणून घे. कसं, ते शेवटच्या पत्राच्या उत्तरात आहे.

प्रश्न : मी साताऱ्यात शाळेत शिकवते. यवतेश्वरच्या बाजूला मातीच्या वाटांवर सायकल चालवते. महिन्यातून दोन-तीनदा मागचं चाक पंक्चर होतं. पंक्चरवाला म्हणतो, काटे आहेत. पण टायरमध्ये काटा कधी सापडत नाही. ट्यूबला दर वेळी दोन भोकं असतात, शेजारी शेजारी.

उत्तर : बाई, तुम्ही स्वतःच निदान करून पाठवलं आहे. बाभळीचा काटा किंवा सराटा एक भोक पाडतो, तेही टायर टेकतं त्या बाजूला. शेजारी शेजारी दोन भोकं म्हणजे ट्यूब चेपली गेली : खालून दगड, वरून रिंगेच्या दोन कडा, मधे ट्यूब. सापाच्या दोन दातांच्या खुणा दिसतात म्हणून त्याला स्नेकबाइट म्हणतात. आज ट्यूब कापली जाते आहे. याच ठोक्यानं उद्या रिंगेची कड आत दबेल.

कारणं दोन. हवा कमी, आणि तुम्ही बसून ठोके खाताय. दुसऱ्याचा उपाय वरच्या पत्रात सविस्तर आला आहे. हवेचं सांगते. टायरच्या अंगावर '६५ पीएसआय' छापलेलं असतं ती सोसण्याची कमाल मर्यादा आहे, भरायचा आकडा नव्हे. तेवढी भरलीत तर टायर दगडावर टणाटण उडेल, पकड जाईल आणि सगळा ठोका तारांवर जाईल. उलट बोटानं दाबून "ठीक वाटतेय" म्हणत वीसवर चालवलंत तर रिंग जमिनीला लागेल. साठ-पासष्ट किलोंच्या माणसानं सव्वादोन इंची टायरमध्ये ट्यूब असताना पुढे २६ ते २८ आणि मागे २८ ते ३० पासून सुरुवात करावी. वजन पाच किलोंनी जास्त असेल तर एक पीएसआय वाढवावा. मागे नेहमी पुढच्यापेक्षा दोन-तीन जास्त.

हवेचा आकडा दाखवणारा उभा पंप विकत घ्या. पेट्रोलपंपावरच्या यंत्रात गाडीच्या टायरचा हिशेब असतो. आपल्या टायरमध्ये हवा मावते थोडी, त्यामुळे डोळ्याचं पातं लवेपर्यंत आकडा पुढे निघून जातो. ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपतेच, म्हणून दर आठवड्याला मोजा.

ट्यूबलेस करावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या पत्रात विचाराल. आपल्याकडच्या सराट्यांसाठी करावंच. आतलं द्रव भोक स्वतः बुजवतं, चेपायला ट्यूबच नसते, आणि हवा चार-पाच पीएसआयनं कमी ठेवता येते. आपल्या उन्हाळ्यात ते द्रव दोन-तीन महिन्यांत वाळतं, तेव्हा फेब्रुवारीत भरलेलं मेमध्ये असेलच असं धरून चालू नका.

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा. आम्ही चिंचवडला राहतो. सोसायटीच्या तीन पायऱ्यांवरून तो सायकल घेऊन उडी मारतो. वर्षभरात दोन रिंगा आणि मागचा एक एक्सल, म्हणजे चाकाच्या मधला दांडा, गेला. सायकल बंद करू का?

उत्तर : सायकल बंद केलीत तर तो मित्राची सायकल मोडेल. त्याचा खर्चही तुमच्याकडेच येईल.

त्याला आधी गणित घाला, या वयाच्या मुलांना ते पटतं. पायरी १५ सेंटिमीटरची, तीन पायऱ्या म्हणजे ४५. खाली येताना पाय ताठ असतील तर थांबायला जागा किती? टायर दबतो तेवढीच, धरा ५ सेंटिमीटर. ४५ सेंटिमीटर पडून ५ सेंटिमीटरमध्ये थांबायचं म्हणजे सरासरी वजनाच्या दहापट जोर चाकांवर. पोरगा ५० किलोंचा असेल तर ५०० किलो. तोच मुलगा गुडघे-कोपरं वाकवून ३० सेंटिमीटर खाली बसत उतरला, तर जोर वजनाच्या सव्वादोन-अडीचपट. सायकल तीच, रिंग तीच, पायऱ्याही त्याच. खाली येताना पाय लांब हवेत आणि जमीन लागताच दुमडायला लागले पाहिजेत. मुलं बरोबर उलटं करतात : हवेत भीतीनं आक्रसून बसतात, आणि जमीन लागते तेव्हा दुमडायला पाय शिल्लकच नसतात.

दुसरं, सरळ उतरणं. तारांचं चाक उभ्या ओझ्याला फार दणकट असतं आणि आडव्या धक्क्याला फार नाजूक. ५०० किलो सरळ पेलेल, पण हँडल वळलेलं असताना किंवा सायकल कलती असताना त्याच्या अर्ध्यातही मुडपून बसेल. दोन्ही चाकं एका रेषेत, एकदम किंवा मागचं किंचित आधी, आणि ब्रेकवर बोट दाबलेलं नको. लॉक झालेलं चाक जमिनीला लागलं की धक्का पुढे पळून जाऊच शकत नाही.

तिसरं, उतरायची जागा. पायऱ्यांखाली सपाट फरशी आहे, ती सगळ्यात वाईट. मातीचा उतार मिळाला तर तीच उडी निम्म्यानंही लागत नाही, कारण सायकल खाली येण्याऐवजी पुढे निसटते. सोसायटीत असा उतार नसेल तर आधी एका पायरीवरून जमू दे. एका पायरीवर आवाज आला नाही तर दुसरी. हा नियम तुम्ही नव्हे, त्याच्या मित्रांसमोर त्यानंच जाहीर केला तर टिकेल.

एक्सलचा दोष मात्र पूर्णपणे पोराचा नाही. अशा बहुतेक स्वस्त सायकलींना मागे फ्रीव्हील असतं, म्हणजे गिअरच्या चकत्यांचा गठ्ठा हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आट्यांनी बसवलेला असतो. त्यात उजवं बेअरिंग बरंच आत असतं आणि एक्सलचं टोक दोन-तीन बोटं आधाराविना लोंबतं. उड्यांसाठी ती रचनाच नाही. फ्रीहब असलेल्या, म्हणजे चकत्या हबवर सरकवून बसवलेल्या, चाकात बेअरिंग पार कडेला असतं, म्हणून त्याचा एक्सल असा वाकत नाही. तिसरी रिंग घालण्याआधी मागचं सबंध चाक बदलायचा हिशेब करून बघा. आणि हेल्मेट. घातलं नाही तर सायकल माळ्यावर, यात घासाघीस नाही.

प्रश्न : कोल्हापूर. वजन ९८ किलो. जोतिबाच्या डोंगरात मित्रांबरोबर जातो. सगळे म्हणतात, आधी वजन कमी कर मग माउंटन बाइक घे. खरं आहे का?

उत्तर : मित्र बदला, सायकल तीच ठेवा.

माझ्या दुकानात सर्वात जास्त चाकं मोडून आणणारा गिऱ्हाईक साठ किलोंचा आहे. शंभरीच्या पुढचे दोघंजण वर्षाकाठी एकदा नुसते तारा तपासायला येतात, कारण ते संथ आणि मऊ चालवतात. वजनापेक्षा ते कुठून, किती झपकन चाकावर येतं याला महत्त्व आहे. तरी तुमच्या बाबतीत चूक माफ होण्याची जागा कमी, हे मान्य. टायर २.३५ किंवा त्याहून रुंद घ्या, हवा पुढे ३३, मागे ३६. रिंग दुहेरी भिंतीची, किमान ३२ तारांची हवी. मागे ३६ मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. सीट उतारावर दोन-तीन इंच खाली करा, कारण उंच सीट भारी माणसाला पायांवर खाली बसूच देत नाही. बटणानं खाली जाणारा सीटपोस्ट परवडत असेल तर महागड्या रिंगेआधी तो घ्या. चढावर मात्र बसूनच जा, पण मोठं मूळ किंवा पायरी आली की एका पायडलभर बूड उचला. तेवढंच पुरतं.

प्रश्न : मी पेडण्याला असते, बँकेत नोकरी. सड्यावर, जुन्या चिरेखाणींच्या आसपास सायकल चालवते. उतारावर ब्रेक सोडायची भीती वाटते. पुढच्या रिंगेला दोन ठिकाणी पोचे आले आहेत. हवा तपासते, उभीही राहते, मग चुकतं कुठं?

उत्तर : भीतीत. आणि ती जांभ्यावर वाजवी आहे, पावसानंतर त्यावर शेवाळ धरतं तेव्हा तर फारच.

तुमच्या पत्रातलं 'चिरेखाण' हे नाव वाचूनच मला पोचे दिसले. दऱ्याखोऱ्यांतला दगड गोलसर झिजलेला असतो, चाक त्यावर चढून जातं. चिरे काढलेल्या जागी मात्र काटकोनी कडा राहतात. अशा कडेला चाक भिडतं तेव्हा त्याला वर जायला उतारच नसतो. त्यात तुम्ही पुढचा ब्रेक दाबून ठेवलेला. ब्रेक लागला की अंगाचं वजन पुढे झुकतं, फोर्क आधीच अर्धा दबतो, चाकावर ओझं वाढतं, आणि ज्या क्षणी ते हलकं आणि मोकळं फिरायला हवं त्याच क्षणी ते जड आणि अडकलेलं असतं. रिंगेच्या कडेला पोचा तिथं पडतो.

म्हणून क्रम बदला. वेग कडेच्या आधी कमी करायचा, सरळ आणि मऊ जमिनीवर, हवं तर पार चालण्याइतका. कड आली की दोन्ही ब्रेक सोडून द्यायचे. चाक पलीकडे गेलं की पुन्हा दाबायचे. एक-दोन सेकंद सायकल मोकळी धावते, आणि तुम्हाला वाटतं तेवढा वेग त्यात वाढत नाही. सुरुवातीला तोंडानं मोठ्यानं म्हणा : "दाब... सोड... दाब." सड्यावर ऐकायला कोणी नसतं.

कडेला तिरकं जाऊ नका. तिरक्या कोनात चाक कड चढत नाही, तिच्या अंगानं घसरत जातं आणि मग एकदम पकडतं. तो आडवा झटका तारांना सर्वात जास्त भोवतो. कड ओलांडायची तर काटकोनात, नाहीतर वळसा घ्या. मागचा ब्रेक लॉक करून फरफटत उतरायची सवय असेल तर तीही सोडा. टायर घासून जातो, वाटेची नाली होते, आणि फरफटणारं चाक अचानक पकडतं तेव्हा पुन्हा तोच आडवा झटका.

ब्रेक सोडणं म्हणजे बेफाम होणं नव्हे, हे दाखवणारी एक शर्यत आहे. २०१५ साली ऑस्ट्रियात लिओगांगला माउंटन बाइक वर्ल्ड कपच्या डाउनहिल, म्हणजे उतारावरच्या, शर्यतीत अमेरिकेच्या एरन ग्विनची चेन शर्यत सुरू होता होताच तुटली. एक पायडल न मारता तो खाली आला आणि पहिला आला. वेग त्यानं कमावला तो उंचवट्यावर अंग हलकं करून आणि उतरत्या बाजूला पायांनी दाबून. उंचवट्यावर हलकं, खळग्यात जड, एवढंच तुम्ही तुमच्या सड्यावर शिकलात तरी रिंगा टिकतील आणि ब्रेक पॅडही.

आत्ताचे पोचे तुमच्याकडे ट्यूब असेल तर निभावतील. पक्कडीनं सरळ करायला कोणी सांगितलं तर हात जोडा. पूर्वीच्या लोखंडी रिंगा ठोकून सरळ व्हायच्या. अॅल्युमिनियम उलटं वाकवलं की तडकतं. पोच्याजवळ बारीक रेघ दिसली तर मात्र रिंग बदला, लगेच.

प्रश्न : फ्रीमाँट, कॅलिफोर्निया. इथं बहुतेक जण ट्यूबलेस टायरच्या आत फोमची कडी घालतात. घ्यावी का? मी मूळचा डोंबिवलीचा, दोन वर्षांपासून चालवतो.

उत्तर : खडकाळ वाटांवर, ट्यूबलेस आणि कमी हवा असेल तर मागच्या चाकात घालायला हरकत नाही. दगड आणि रिंग यांच्यामध्ये एक उशी मिळते. वजन प्रत्येक चाकाला शे-दोनशे ग्रॅम वाढतं आणि बसवताना बोटांची सालं निघतात. माझा आक्षेप निराळा आहे. रिंग लागली की येणारा 'टक्' हा आवाज शिकणाऱ्याचा मास्तर असतो. फोमनं तो गप्प होतो. पुढच्या चाकात घालू नका, एक मास्तर तरी राहू दे.

तुम्ही राहता तिथून उत्तरेला, मरिन काउंटीत फेअरफॅक्सजवळ, रिपॅक नावाची उतरण आहे. १९७६ मध्ये तिथं उतारावरच्या शर्यती सुरू झाल्या आणि आजच्या माउंटन बाइकचा वंश बराचसा तिथूनच येतो. जुन्या जाडजूड सायकली, उलटं पायडल मारलं की लागणारा हबमधला ब्रेक. एका उतरणीत हब इतकं तापायचं की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं आणि पुन्हा नवं भरावं लागायचं. रिपॅक हे नाव त्यावरून पडलं. त्या लोकांकडे ना सस्पेन्शन होतं ना फोम. गुडघे होते. सुट्टीच्या दिवशी जाऊन बघून या.

प्रश्न : माउंटन बाइकला कॅरिअर लावून मुलीला डबल सीट नेलं तर चालेल का? ती ११ वर्षांची आहे.

उत्तर : नाही. तिला तिची सायकल घ्या.

प्रश्न : मी निवृत्त आहे, छत्रपती संभाजीनगरला राहतो. दौलताबादच्या बाजूला डांबरी रस्त्यानं आणि थोडं मातीतून जातो. उड्या नाहीत, पडलो नाही, हवा बरोबर. तरी सहा महिन्यांत मागच्या चार तारा तुटल्या, सगळ्या हबजवळच्या वाकणावर. प्रत्येक वेळी मेकॅनिक एक नवी तार घालून देतो.

उत्तर : काका, तुमच्या चालवण्यात खोट नाही. चाकाच्या बांधणीत आहे, आणि एकेक तार घालून ती जाणार नाही.

तार एका ठोक्यानं क्वचितच तुटते. ती थकून तुटते. २९ इंची चाक किलोमीटरला साधारण ४३५ वेळा फिरतं. दर फेरीत प्रत्येक तार एकदा तळाशी येते, तिचा ताण उतरतो, वर जाताना पुन्हा चढतो. ताण पुरेसा असेल तर हा उतार-चढाव तिला कळतही नाही. तार ढिली असेल तर ती हबच्या भोकात दर फेरीला थोडी हलते, आणि वाकणावरचा धातू मागेपुढे होऊन अखेर तिथंच तुटतो. कारखान्यात यंत्रानं बांधलेल्या स्वस्त चाकांचा ताण बऱ्याचदा कमीच असतो. दुकानदारानं डबा उघडल्या उघडल्या तो वाढवून द्यायला हवा, पण कोणाला वेळ आहे?

घरी तपासायचं तर चाक उचला आणि शेजारच्या दोन समांतर तारा एकत्र मुठीत दाबा, अशी सगळी जोडपी. एखादं जोडपं इतरांपेक्षा मऊ लागलं की खडूची खूण करा. मग प्रत्येक तार नखानं छेडा. उजव्या बाजूच्या सगळ्यांचा सूर जवळपास एक यायला हवा. डाव्या बाजूचा त्याहून खालचा, पण आपापसांत एक. मधेच कोणी 'ठक्क' असं मुकं बोललं तर ती तार काम करत नाही आणि तिचा भार शेजारणी वाहताहेत. तुम्हाला तबल्याचा किंवा पेटीचा कान असेल तर हे माझ्यापेक्षा लवकर जमेल.

मग मेकॅनिककडे. त्याला "आउट काढून द्या" म्हणालात तर तो वाकडी बाजू ओढून रिंग सरळ दिसेपर्यंत काम करेल आणि चाक देईल. त्यात ताण आणखी विषम होतो. "सगळ्या तारांचा ताण सारखा करून मग आउट काढा" असं सांगा. निप्पल एका वेळी पाव वळण, जास्त नाही. निप्पलच्या आट्यांत आधी तेलाचा थेंब. काम होत आल्यावर त्यानं तारांची जोडपी दोन्ही हातांनी कडकडून आवळली पाहिजेत, म्हणजे पिळलेल्या तारा जागेवर बसतात; त्या वेळी चाकातून येणारा 'टिक टिक' आवाज चांगला. डिस्क ब्रेक असेल तर रिंगेजवळ फ्रेमला प्लास्टिकचा झिप टाय बांधून त्याचं टोक कापायचं, की रिंग कुठं घासते ते दिसतं. त्याच्याकडे ताण मोजायचं मीटर असेल तर उजव्या तारा ११०च्या आसपास मागा आणि रिंगेवर कमाल आकडा छापलेला असेल तर त्याच्या आत राहा.

आधीच चार तुटल्या आहेत, त्याअर्थी उरलेल्याही तितक्याच थकलेल्या. हब आणि रिंग चांगली असेल तर मागच्या सगळ्या तारा नव्या, दोन मिलिमीटरच्या, स्टेनलेस टाकून घ्या. पहिल्या ५० किलोमीटरनंतर एकदा पुन्हा दाखवा, कारण नवी बांधणी थोडी बसते. त्या फेरीचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.